कथानाट्यखेळ, बालशिक्षणातील
तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी कल्पित भूमिका घेऊन गोष्ट रचण्याचा व ती साभिनय मांडण्याचा खेळ. भातुकली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न हे त्याचे महाराष्ट्रातील पारंपरिक प्रकार होत. पानाला भाकरी मानताना मूल एका वस्तूच्या जागी दुसरी कल्पिते, आणि ही प्रतीकात्मक विचारशक्ती पुढे लेखनातील चिन्हे समजण्यास उपयोगी पडते, तर भूमिकेचे नियम पाळताना स्वनियमन, म्हणजे तात्कालिक इच्छा आवरण्याची क्षमता, वाढते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांचे प्रतिपादन होते. अमेरिकन शिक्षिका व्हिव्हियन पेली यांच्या पद्धतीत मुलाने सांगितलेली गोष्ट शिक्षिका लिहून घेते व वर्ग ती सादर करतो. त्यामुळे बोललेले लिहिता येते, ही साक्षरतेची प्राथमिक जाण येते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी कल्पनाखेळाला गौण स्थान दिले. मात्र त्यांच्या पद्धतीचे भारतीयीकरण करणारे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे स्थापिलेल्या बालमंदिरात गोष्ट व नाट्य यांना महत्त्व मिळाले, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे हे बालशिक्षण ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेले. महाराष्ट्रात या वयोगटाचे शिक्षण आज मुख्यतः एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या (१९७५) अंगणवाड्यांतून दिले जाते.