'जिल्ट': एका मुलीच्या नावातून आलेला शब्द

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. 'जिल्ट' हा शब्द आला की मुलं अर्थ विचारायची आणि मला तो एका शब्दात सांगता यायचा नाही. आशा लावून, बहुधा लग्न ठरवून, एकाने दुसऱ्याला सोडून देणं म्हणजे जिल्ट. आपल्याकडे 'सोयरीक मोडली' म्हणतात. कुणी मोडली, ते त्यातून कळत नाही. जिल्टमध्ये सोडणारा आणि सोडलेला, दोघंही समोर उभे असतात.

हा शब्द इंग्लंडात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. त्याचं मूळ बहुधा 'जिल' या मुलीच्या नावात आहे. जिल म्हणजे जिलियनचं छोटं रूप. नाव इतकं घरोघरी, की कुठलीही पोर जिलच. त्यावरून 'जिलेट' आणि पुढे 'जिल्ट'. सुरुवातीला हा शब्द बदफैली किंवा प्रियकराला झुलवणाऱ्या बाईलाच लावत.

फसवल्या मात्र बायकाही जात होत्या. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली (१८६१) मिस हॅविशॅम आठवा. नवऱ्या मुलाचं पत्र आलं तेव्हा तिच्या एकाच पायात बूट होता. दुसरा वर्षानुवर्षं टेबलावर राहिला आणि घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबली.

लग्नाचं वचन मोडल्याबद्दल इंग्लंडात भरपाईचा दावा लावता येई. १९७०च्या कायद्याने तो बंद झाला. शब्द मात्र टिकला. आज तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो. वापरताना एवढंच ध्यानात ठेवा, की दोष दोघांचा असूनही नाव मुलीचंच घेतलं गेलं.