आईचं लुगडं आणि बाळाचं झबलं

दिवाळीच्या आधी गटाकडे कर्जाची मागणी येते. त्यात बियाणं असतं, दवाखाना असतं आणि हल्ली ‘मुलांचे कपडे’ हेही कारण असतं. दोन वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकसाठी व्याजाचे पैसे! आपल्या आज्यांना हे खरं वाटलं नसतं. कारण त्यांच्या काळी तान्ह्या बाळाचा कपडा सहसा विकत आणायचाच नसे, तो घरातच असे.

नऊवारी सुती लुगडं चार-पाच वर्षं अंगावर वापरलं की कापड मऊसूत व्हायचं. विरलेला भाग बाजूला काढून उरलेल्यात डझनभर लंगोट, दोन-चार झबली आणि एक दुपटं सहज निघायचं. चिंध्या गोधडीत जायच्या. झबल्याला बटण नाही, बंद असायचे. बाळ वाढलं की बंद सैल बांधायचा, तेच झबलं पुढे चालायचं. नवं खरखरीत कापड बाळाला लगेच घालू नये, असं म्हाताऱ्या सांगायच्या. त्यात रीत होती, तसं शहाणपणही होतं.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली. मग गिरण्या वाढल्या आणि मांजरपाट गावोगावच्या बाजारात आलं. तरी बाळाला जुनंच. दुसऱ्या महायुद्धात कापड इतकं महागलं, की १९४३ मध्ये सरकारला कंट्रोल आणावा लागला. ताग्यावर किंमत छापायची सक्ती झाली. त्या टंचाईत आईच्या जुन्या लुगड्याची किंमत घराला चांगलीच कळली असणार.

खरा बदल नंतर झाला, आणि त्याची नोंद फारशी कुणी घेत नाही. सुती लुगडं गेलं, नायलॉनची पाचवारी आली. धुवायला हलकी, लगेच वाळते, इस्त्री नको. बायांचे कष्ट वाचले, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण नायलॉन पाणी शोषत नाही, त्याचा लंगोट होत नाही. जुनी साडी बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचं, एवढाच तिचा उपयोग उरला. बाळाचा कपडा रोख पैशांत घ्यायची वेळ आली ती इथून.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकलं. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. आठवडी बाजारात आज चकचकीत झालर लावलेला फ्रॉक स्वस्तात मिळतो, तो बहुधा याच धाग्याचा. उन्हाळ्यात त्यात पोराला घामोळं येतं आणि दोन-चार महिन्यांत तो आखूड होतो. मग नवा घ्या. शंभराचा फ्रॉक वर्षात तीनदा घेतला तर तीनशे झाले, हे गटातल्या प्रत्येकीला तोंडी करता येतं. पण जत्रेत पोरगी हट्टाला पेटली की हिशेब कुठला आठवतो!

जुने शिंपी वाढत्या अंगाचं शिवायचे. शिवणीत दोन बोटं ‘माया’ ठेवायचे, खाली रुंद दुमड घालायचे. पोर उंच झालं की टीप उसवायची, कपडा आणखी वर्षभर चालायचा. मी बाजारात फ्रॉक हातात घेतला की आधी तो उलटा करते आणि शिवणीत माया किती आहे ते बघते. अर्धं बोटही नसते.