नुरा कुस्तीवाल्याची खरी लढत

शाळेत असताना माझ्याकडे डब्ल्यूडब्ल्यूईच्या पत्त्यांचा जाडजूड गठ्ठा होता. कुणाची उंची किती, वजन किती, रँक किती, सगळं तोंडपाठ. संध्याकाळी टीव्हीवर कुस्त्या लागल्या की आजोबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचे. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "नुरा हाय रं ही. बघतोस काय?"

नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली. तालमीतल्या माणसासाठी यापेक्षा वाईट शिवी नाही. मला तेव्हा राग यायचा. पुढे आजोबांचं म्हणणं बरोबर होतं हे कळलं आणि पत्ते धाकट्या भावाला देऊन टाकले.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका मित्राच्या हार्ड डिस्कमध्ये 'प्राइड' नावाच्या जपानी स्पर्धेच्या जुन्या लढती सापडल्या. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, हात-पाय मुरगळणं, सगळं चालतं. त्यात नारिंगी चड्डीतला एक साधासा दिसणारा माणूस होता. पोट किंचित सुटलेलं, चेहऱ्यावर झोपेतून उठल्यासारखा भाव. त्याचं नाव काझुशी साकुराबा. त्याच्याबद्दल शोधायला लागलो आणि पहिलीच ओळ वाचून थबकलो. हा मूळचा नुरा कुस्तीवाला होता.

ठरलेले निकाल

साकुराबाची गोष्ट समजायला थोडं मागं जावं लागतं, कारण जपानमध्ये खरी आणि ठरलेली कुस्ती यांच्यातली रेष कायमच पुसट होती.

१९१४ साली मित्सुयो माएदा नावाचा ज्युदोपटू ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि कार्लोसचा धाकटा भाऊ हेलियो त्याच विद्येत वाढला. या घराण्याने जमिनीवरच्या कुस्तीचं स्वतःचं शास्त्र उभं केलं. १९५१ मध्ये जपानचा महान ज्युदोपटू मासाहिको किमुरा रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलियोशी लढला. किमुराने हेलियोचा हात मागे वळवून असा पिळला की हाड मोडलं, तरी हेलियो हार मानेना. शेवटी कार्लोसने टॉवेल फेकला. तो पेच आज जगभर 'किमुरा' या नावानेच ओळखला जातो. हरवणाऱ्याचं नाव हरलेल्या घराण्याने आपल्या डावाला दिलं, हे मला फार आवडतं.

हाच किमुरा पुढे पोटासाठी व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे नुरा कुस्तीत उतरला. १९५४ च्या डिसेंबरमध्ये तो रिकिदोझान या जपानच्या सर्वांत लोकप्रिय मल्लाशी लढला. किमुराच्या म्हणण्याप्रमाणे लढत बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं. रिकिदोझानने मध्येच खरे फटके मारायला सुरुवात केली आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. ठरलेली कुस्ती अचानक खरी झाली तर काय होतं, याचा हा जपानला मिळालेला पहिला मोठा धडा.

रिकिदोझानचा चेला अंतोनिओ इनोकी. आपली कुस्ती सगळ्या मारामाऱ्यांत श्रेष्ठ आहे हे दाखवायचा त्याला ध्यास होता. १९७६ मध्ये तो टोकियोत मुहम्मद अलीशी लढला, त्याच वर्षी कराचीत गामा पहिलवानाचा पुतण्या अक्रम याच्याशीही. इनोकीसारख्यांना घडवणारा कार्ल गॉच हा युरोपातून आलेला वस्ताद आपल्याकडच्या दंड-बैठका आणि गदेचा भक्त होता. जपानी मल्ल शेकड्यांनी बैठका मारत. जपानमध्ये बैठकेचं नाव आजही 'हिंदू स्क्वॉट' असंच आहे. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी निदान व्यायामाला तरी मान दिला असता.

१९८४ मध्ये यातूनच 'यूडब्ल्यूएफ' नावाचा पंथ निघाला. दोरावरून उड्या मारणं वगैरे बंद. खऱ्या लाथा, खरे पेच, खरे दिसणारे शेवट. निकाल मात्र ठरलेलेच. १९९३ मध्ये साकुराबा याच पंथाच्या 'यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल' या कंपनीत रिंगमध्ये उतरला. अकिता प्रांतातला, १९६९ चा जन्म, लहानपणी टायगर मास्क या मुखवटाधारी मल्लाचा चाहता, चुओ विद्यापीठात कुस्ती खेळलेला. तिथे त्याला बिली रॉबिन्सन हा इंग्लंडच्या विगन गावात शिकलेला जुना वस्ताद भेटला. संध्याकाळी ठरलेली हार पत्करायची आणि सकाळी तालमीत खरे पेच शिकायचे, असा हा संसार होता.

अब्रू

१९९३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पहिली 'यूएफसी' स्पर्धा झाली आणि हेलियोचा सडपातळ मुलगा रॉयस ग्रेसी ती जिंकला. एका फटक्यात जगभरच्या मारामारीच्या दुकानांची झडती झाली. आता 'आम्हीच श्रेष्ठ' असं नुसतं म्हणून चालेना.

यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलचा योजी आंजो १९९४ च्या डिसेंबरमध्ये थेट लॉस एंजेलिसला गेला आणि रॉयसचा थोरला भाऊ रिकसन याला त्याच्याच तालमीत आव्हान देऊन रक्ताळलेल्या तोंडाने परत आला. १९९६ मध्ये कंपनी बुडाली. ऑक्टोबर १९९७ मध्ये कंपनीचा नायक नोबुहिको ताकादा टोकियो डोममध्ये रिकसनसमोर उभा राहिला आणि पाच मिनिटंही टिकला नाही. हीच 'प्राइड'ची पहिली रात्र. नुरा कुस्तीवाल्यांची अब्रू भर चौकात गेली होती.

दोनच महिन्यांनी, २१ डिसेंबर १९९७ ला, योकोहामात यूएफसी भरली. हेवीवेट गटात साकुराबाने नाव दिलं. त्याचं वजन कसंबसं त्र्याऐंशी किलो, समोर मार्कुस सिल्व्हेरा हा शंभर किलोच्या वरचा ब्राझिलियन. साकुराबा फटके चुकवत पट काढायला खाली वाकला आणि पंच जॉन मॅकार्थीला वाटलं तो बेशुद्ध पडला. लढत थांबवली. साकुराबा रिंगमधून हलेना. व्हिडिओ पाहून निकाल रद्द झाला, दुसरा एक मल्ल दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच रात्री दोघं पुन्हा समोरासमोर आले. या वेळी साकुराबाने सिल्व्हेराचा हात ताणून त्याला हार मानायला लावली. नंतर माइकवर तो जे बोलला त्याचा अर्थ इतकाच होता, की व्यावसायिक मल्ल खरंच बलवान असतात.

जपानी प्रेक्षकांसाठी हे वाक्य काय होतं, हे पत्ते देऊन टाकलेल्या प्रत्येक मुलाला कळेल.

नव्वद मिनिटं

पुढची तीन वर्षं म्हणजे साकुराबाचा काळ. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याने हेलियोचा मुलगा रॉयलर याला किमुरा लावला. रॉयलरने हार मानली नाही, पंचांनी लढत थांबवली. घराण्याला ते पटलं नाही. साकुराबाने मात्र माइक घेऊन, आता मोठ्या भावाशी, रिकसनशी लढायचंय असं सांगून टाकलं. ती लढत कधीच झाली नाही. आला तो रॉयस.

१ मे २०००, टोकियो डोम. ग्रेसी घराण्याने आपल्या अटी घातल्या होत्या. पंधरा मिनिटांचे राउंड, कितीही. गुणांवर निकाल नाही. पंचांनी मध्ये थांबवायचं नाही. आपल्या भाषेत, निकाली कुस्ती. साकुराबाने अटी मान्य केल्या आणि आला तो मुखवटा घालून, सोबत तसेच मुखवटे घातलेले आणखी दोघं. यातला खरा कोण, हे प्रेक्षकांनी ओळखायचं. आयुष्यातल्या सर्वांत कठीण लढतीला तो नुरा कुस्तीचा खेळ सोबत घेऊनच आला होता.

ही लढत मी पहिल्यांदा दीडपट वेगाने बघितली. मध्यरात्री सर्व्हरवर नवीन व्हर्जन चढत होतं, लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात ते आणि दुसऱ्या कोपऱ्यात टोकियो डोम. कंटाळा आला. दुसऱ्या वेळी साध्या वेगाने बघितली तेव्हा कुठे काय चाललंय ते दिसलं. रॉयसने नेहमीचा पांढरा अंगरखा घातला होता. साकुराबा त्याच अंगरख्याला धरून त्याला जखडत होता, मध्येच त्याची विजार खाली ओढत होता, लोक हसत होते. आणि हसता हसता तो एकच काम शांतपणे करत होता, रॉयसच्या पायांवर लाथा. एक राउंड, दोन, तीन. चौथ्यापासून रॉयसचं चालणं बदललं. सहा राउंड झाले, नव्वद मिनिटं भरली. सातव्यासाठी रॉयसला उभं राहता येईना. थोरला भाऊ रोरियन याने टॉवेल फेकला. एकोणपन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या काकाने फेकला होता तसा.

गोष्ट इथे संपली असती तर सुंदर झाली असती. पण ती बाद फेरीची स्पर्धा होती आणि त्याच रात्री पुढची लढत बाकी होती. समोर युक्रेनचा इगोर वोवचांचिन, वजनाने कितीतरी जास्त आणि ठोशांसाठी कुख्यात. दीड तास लढलेला माणूस पुन्हा रिंगमध्ये गेला. पंधरा मिनिटं टिकला. पंचांनी जादा राउंड सांगितला, तेव्हा साकुराबाच्या कोपऱ्यातून टॉवेल आला.

एका रात्रीत दोन टॉवेल. पहिल्याची आठवण सगळे काढतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या पंधरा वर्षांत असा वेळेवर आलेला टॉवेल त्याच्या वाट्याला फारसा आला नाही.

वजनाचा हिशेब

ऑगस्ट २००० मध्ये साकुराबाने रेंझो ग्रेसीचा हात किमुरानेच निखळवला. रेंझोने माइक घेऊन दिलखुलास हार मान्य केली, हा ग्रेसी घराण्याचा जपानी अवतार आहे असं म्हणाला. डिसेंबरमध्ये रेंझोचा भाऊ रायन हरला. तेरा महिन्यांत एका घराण्याचे चार जण. साकुराबाला 'ग्रेसी हंटर' हे नाव पडलं.

मार्च २००१ मध्ये वांडरले सिल्वाने त्याला अठ्ठ्याण्णव सेकंदांत पाडलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तोच सिल्वा, या वेळी खांद्याजवळचं हाड मोडलं. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर क्रो कॉप हा हेवीवेट किकबॉक्सर, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. २००३ मध्ये तिसऱ्यांदा सिल्वा, पुन्हा बेशुद्ध.

सिल्वा त्र्याण्णव किलोच्या गटातला, क्रो कॉप त्याहून जड. साकुराबाचं शरीर त्र्याऐंशी-पंच्याऐंशी किलोचं. प्राइडने त्र्याऐंशी किलोचा गट आणला तो २००५ च्या सुमारास, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा झाला होता. आपल्याकडे गावच्या जत्रेतला पंचसुद्धा जोड बघून कुस्ती लावतो. इथे जोड बघून नाही, तिकिटं बघून कुस्त्या लागल्या.

आणि इथेच मला नुरा कुस्ती पुन्हा दिसते. त्या धंद्याने साकुराबाला खूप काही दिलं. खेळकरपणा, प्रेक्षकांशी नातं, दम, विगनच्या वस्तादाचे पेच. पण त्याच धंद्याची एक सवयही दिली. प्रवर्तक ज्याच्याशी लावेल त्याच्याशी लढायचं, घर भरलेलं असेल तर नाही म्हणायचं नाही, दुखलं तरी खेळ पुरा करायचा. नुरा कुस्तीत ही सवय चालून जाते, कारण समोरचा तुमच्या शरीराची काळजी घेतो. ठरलेल्या हाराहारीत दोघंही एकमेकांच्या हाडांचे राखणदार असतात. खऱ्या लढतीत तो राखणदार नसतो. साकुराबाने रिंग बदलली, नियम बदलले, सवय तीच राहिली. ग्रेसींच्या अटी बेधडक मान्य करणारा आणि सिल्वासमोर तिसऱ्यांदा जाणारा माणूस एकच होता. ज्या गुणाने त्याला मोठं केलं त्यानेच त्याला मोडलं.

पुढचं थोडक्यात. २००६ च्या ऑगस्टमध्ये लिथुआनियाच्या एका मल्लासमोर तो दोरांखाली जवळपास बेशुद्ध होता. पंचांनी लढत चालू ठेवली, तो शुद्धीवर आला आणि जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ती क्लिप पुन्हा बघवत नाही. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला योशिहिरो अकियामा अंगाला लोशन लावून आला. हा निसरडा आहे, असं साकुराबा लढतीतच ओरडून सांगत राहिला, पंचांनी ऐकलं नाही. निकाल नंतर रद्द झाला, खाल्लेले ठोसे रद्द झाले नाहीत. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला रॉयसने गुणांवर परतफेड केली आणि नंतर उत्तेजक चाचणीत सापडला. २०१० च्या अखेरच्या रात्री लढताना साकुराबाचा कान फाटून लोंबकळला. तोवर प्राइड कधीच विकली जाऊन बंद पडली होती.

शेवटची एमएमए लढत २९ डिसेंबर २०१५ ची. वय शेहेचाळीस, समोर शिन्या आओकी. साकुराबा खाली, चेहरा हातांनी झाकलेला, उलट मारणं संपलेलं. पहिल्याच राउंडमध्ये कोपऱ्यातून टॉवेल आला. एकूण हिशेब सव्वीस विजय, सतरा पराभव, एक बरोबरी. २०१७ मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

हे सगळं वाचल्यावर हळहळ वाटते, आणि ती वाटायला हवी. पण नंतर त्याने केलेली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा बोलकी वाटते. २०१८ मध्ये साकुराबाने 'क्विंटेट' नावाची स्वतःची स्पर्धा सुरू केली. पाच-पाच जणांचे संघ, फक्त पेच, ठोसे-लाथा बंद. जिंकणारा रिंगमध्ये थांबतो आणि समोरून पुढचा येतो. पाच जणांच्या मिळून वजनाला मर्यादा आहे. आणि एक छोटा नियम असा, की दोघांच्या वजनात मोठी तफावत असेल तर लढतीचा वेळ निम्मा.

हा नियम त्याने कुणासाठी केला ते मला माहीत नाही असं मी म्हणणार नाही. दहा-पंधरा किलो जड माणसांसमोर पूर्ण वेळ उभा राहिलेल्या माणसाने केलेला तो नियम आहे. दुसरं कुणी वेळेवर टॉवेल फेकेल यावर विसंबायचं नाही, तो नियमातच लिहून ठेवायचा.

टोकियो डोमची ती लढत वेळ मिळाला तर बघा. साध्या वेगानेच बघा. आणि नव्वद मिनिटांनंतर बंद करू नका, पुढची पंधराही बघा.