लघवी किती झाली? किडनी निकामी होण्याचा इतिहास आणि आपला पालघर जिल्हा

आजचा विषय आहे किडनी निकामी होणं. आम्ही त्याकडे इतिहासाच्या वाटेनं जाणार आहोत, कारण हा आजार ओळखायचा कसा, हे माणसाला उपचार सापडायच्या कितीतरी आधी कळलं होतं. बोईसर-तारापूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्यासाठी हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

सुरुवात १८२७ सालापासून करू. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचे. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठायची. म्हणजे रक्तातलं प्रथिन लघवीतून चाललंय. अशा रुग्णांपैकी जे दगावले, त्यांच्या किडन्या शवविच्छेदनात खराब दिसल्या. ओळख पटली, पण हाती उपाय नव्हता. तो यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी रक्त गाळणारं यंत्र बनवलं. त्यावर पहिला रुग्ण पूर्ण बरा झाला तो १९४५ साली.

आता आपल्या मुंबईत येऊ. साल १९८६, जानेवारी-फेब्रुवारी. जे. जे. रुग्णालयात मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरीन पाजलं जात होतं. औषध जुनं, माहितीतलं. आणि अचानक या रुग्णांची लघवी बंद व्हायला लागली. ज्यांना किडनीचा आजार नव्हताच, त्यांच्या किडन्या बंद पडल्या. आजार वेगवेगळे, मग यांच्यात सारखं काय? ग्लिसरीन. तपासणीत त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. १४ रुग्ण दगावले.

हे डायइथिलीन ग्लायकॉल म्हणजे काय? कारखान्यात वापरायचं द्रावक. दिसायला ग्लिसरीनसारखंच. पातळ, गोडसर, बिनरंगी. पोटात गेल्यावर त्यापासून जे आम्ल तयार होतं, ते किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारतं. तारापूर एमआयडीसीत ज्यांनी ड्रम हाताळलेत, त्यांना वेगळं सांगायला नको, की दोन ड्रममधला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो लेबलवर आणि लॅबच्या कागदावर असतो. तो कागद कुणी बघितलाच नाही, तर माल वॉर्डापर्यंत पोचतो.

न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं नेमकं हेच उघड केलं. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, पुरवठादार, मंत्रिपातळीवरचा हस्तक्षेप, सगळ्यांवर ताशेरे ओढले. १९८८ साली आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. खरं तर अमेरिकेत १९३७ सालीच याच रसायनानं शंभरावर माणसं मेली होती आणि पुढच्याच वर्षी तिथं औषधांचा नवा कायदा झाला होता. तरीही २०२५ साली छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधानंतर किडनी बंद पडून नागपूरला आणली गेली. कारण तेच.

या सगळ्यात आपल्या कामाचे दोन प्रश्न आहेत. एक, लघवी किती झाली? दोन, पोटात किंवा अंगात काय गेलं? अचानक किडनी बंद पडते, तेव्हा हे दोन प्रश्न वेळेत विचारले तर माणूस वाचू शकतो, आणि पुष्कळदा किडनी पुन्हा काम करायला लागते.

आपल्या जिल्ह्यात हे प्रश्न पावसाळ्यात विचारायचे. भातलावणीत घोणस चावली, तर पाय सुजण्यावर सगळ्यांचं लक्ष जातं, पण लघवी कमी झाली की लाल झाली, ते कुणी बघत नाही. चिखलपाण्यात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे पिवळे झाले, तर लेप्टोचा संशय घ्यायचा, आणि तिथंही लघवीवर नजर ठेवायची. कारखान्यात उष्णतेजवळ पाळी करणारा, पाणी कमी पिणारा आणि अंगदुखीसाठी दुकानातून रोज गोळी आणून खाणारा माणूसही याच यादीत येतो.

पण मंडळी, एक फसगत लक्षात ठेवा. मधुमेह आणि रक्तदाबानं किडनी हळूहळू, वर्षानुवर्षं खराब होते, तेव्हा लघवी बराच काळ नीट होत राहते. उलट रात्री जास्तच उठावं लागतं. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा किडनीचं जवळपास निम्मं काम गेल्यावरच ठळक वाढतं. पायावर सूज, फेसाळ लघवी, खाज, मळमळ, धाप ही लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. इथं उपयोगी पडते ती ब्राइट यांच्या चमच्याचीच आजची आवृत्ती, म्हणजे लघवीतल्या प्रथिनाची तपासणी आणि सोबत क्रिएटिनिन. मधुमेह किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा दोन्ही करायच्याच.

उशीर झाल्यावर काय होतं? डायलिसिस. साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २०१६ साली जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. ही सोय मोठीच. पण उपचार फुकट झाला, तरी बुडालेली हजेरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा रोज कोण भरून देणार? मोखाडा-जव्हारच्या घराला आठवड्यातले तीन दिवस प्रवासात घालवणं कसं परवडणार?

म्हणून आपल्याकडे लवकर ओळखण्याचं मोल मुंबईपेक्षा जास्त आहे. घरी कुणी आजारी पडलं, तर ताप जसा लिहून ठेवता, तशी लघवीही लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या-बाटल्या, वेष्टनासकट, बरोबर न्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपणहून सांगा.