पोळ्याचे तोरण आणि व्हिएतनामचा तेत

श्रावणी अमावास्या जवळ आली की जालना जिल्ह्यातील गावोगाव पोळ्याची लगबग सुरू होते. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळून त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू नसते. शिंगे रंगवून, झूल व बाशिंग चढवून त्यांना वेशीतल्या तोरणाखालून नेतात. घरी परतल्यावर पुरणपोळीचा घास भरवितात. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, तरी सण टिकून आहे.

या सणाशी आम्हां मराठवाड्यातील कॅथलिक कुटुंबांचे नाते काय? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू निजामाच्या राज्यातील या मुलखात आले. त्यांच्याकडून सुवार्ता स्वीकारणारे आमचे पूर्वज बहुतांशी गावकुसाबाहेरचे होते. बैलांच्या वेसणी, कासरे, दावी वळणारे हात मातंग बांधवांचे. अनेक गावांत वेशीवरचे तोरणही तेच बांधीत. पण तोरणाखालून पहिली जाई ती मानकऱ्याची जोडी. तोरण बांधणारे कडेला उभे राहत. बाप्तिस्म्यानंतर कोणी पोळ्याकडे पाठ फिरविली असेल, तर ती केवळ मूर्तिपूजेच्या भयाने, असे आम्हांला म्हणवत नाही.

श्रद्धा नवी आणि सण जुना, असा पेच इतरांच्याही वाट्याला आला आहे. ज्या व्हिएतनामच्या ११७ हुतात्म्यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९ जून १९८८ रोजी संत म्हणून घोषित केले, त्या देशाची कथा या बाबतीत बोलकी आहे.

तेत हा तेथील चांद्र नववर्षाचा, वसंताच्या आगमनाचा सण. तो २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान येतो. दूरची मुले घरी परततात, पूर्वजांच्या कबरी झाडून पुसून स्वच्छ होतात, चिकट तांदूळ, मूग व डुकराचे मांस पानांत बांधून तासन् तास शिजवितात, लहानग्यांना लाल पाकिटांतून पैसे मिळतात. परंतु सणाचा गाभा म्हणजे घरातील वेदीपुढे पूर्वजांना केलेले वंदन; आणि अडचण नेमकी तेथेच होती. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली पूर्वजवंदनाचे चिनी विधी ख्रिस्ती जनांस निषिद्ध ठरविले. तो निर्बंध व्हिएतनाममध्येही लागू झाला, आणि ख्रिस्ती माणूस आपल्या वाडवडिलांना विसरतो, हा ठपका तेथील श्रद्धावंतांना सोसावा लागला. पोप बारावे पायस यांनी १९३९ साली चीनपुरता हा निर्बंध शिथिल केला. व्हिएतनामला ती मुभा १९६४ साली मिळाली. आदल्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, लोकांच्या चालीरीतींत जे अंधश्रद्धेशी जखडलेले नाही त्याचा आदर करावा, असे उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले होते.

आज तेथील चर्चमध्ये तेतच्या पहिल्या दिवशी नववर्षाच्या शांतीसाठी, दुसऱ्या दिवशी पूर्वज व आईवडिलांसाठी आणि तिसऱ्या दिवशी श्रमाच्या पवित्रीकरणासाठी मिस्सा होते. नववर्षी झाडाची कोवळी डहाळी घरी नेण्याची जुनी चाल होती. आता श्रद्धावंत चर्चमधल्या फांदीला बांधलेली बायबलवचनाची चिठ्ठी खुडून घरी नेतात.

तो तिसरा दिवस आम्हांला विशेष जवळचा वाटतो. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, जालना जिल्हा १९८१ साली; पोळा या दोहोंहून कितीतरी जुना. त्याचा अव्हेर करण्याचे कारण नाही, आणि तो होता तसाच उचलण्याचेही नाही. निर्गमाच्या ग्रंथातील शब्बाथाची आज्ञा बैलाला आणि दासीपुत्राला एकाच वाक्यात विश्रांती देते. पोळ्याने बैलाला विश्रांती दिली. दावे वळणाऱ्याला मात्र त्या दिवशीही कडेला उभे केले. आम्ही चर्चच्या दारी श्रमाच्या आशीर्वादाचे तोरण बांधू, तेव्हा बैलाच्या धन्याबरोबरच ऊसतोडीला जाणारी जोडपी, पोलाद कारखान्यातले कामगार आणि मोसंबीच्या बागेतल्या मजूर बायका त्याखालून जाव्यात. मानाची जोडी कोणती, हे तेथे कोणी विचारू नये.