नळीचा बाक

फेणीला आता मान मिळाला आहे. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन गोव्याचे वारसा पेय म्हणून तिची नोंद झाली. तिच्याविषयी आता बरेच लिहिलेही जाते. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू, डोंगरउतारावर पडलेली बोंडे, ती तुडवणारे पाय, निरो, हुर्राक, वास, चव सगळे त्यात येते. एक वस्तू मात्र हटकून राहून जाते. ज्या नळीतून वाफ आत शिरते आणि धार होऊन बाहेर येते ती नळी. कौतुक धारेचे होते. नळी कोणी केली, ती वाकवली कशी, हे कोणी विचारत नाही. मला आज त्या नळीविषयीच लिहायचे आहे.

आधी हे सांगायला हवे की भट्टीला वाकवलेली नळी लागतेच असे नाही. आपली जुनी भट्टी सरळ नळीवरच चालत आली. चुलीवर भाण, त्याच्या मानेतून निघालेला लाकडाचा किंवा बांबूचा नळा आणि नळ्याच्या दुसऱ्या टोकाला धार जमवणारे मडके. सांध्यांवर चिंधी आणि रोयणीची माती. वाफ थंड व्हावी म्हणून त्या मडक्यावर कोणीतरी डवल्याने सतत पाणी ओतत बसायचे. इथे थंड होते ते मडके, नळी नव्हे. नळीचे काम वाफेला या भांड्यातून त्या भांड्यात पोचवण्यापुरते.

ही रचना फार जुनी आहे. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्राच्या ग्रंथात तिर्यक्पातन यंत्राचे वर्णन आहे. एका घटाला तिरकी लांब नळी बसवायची, ती दुसऱ्या घटात सोडायची, सांधे मातीने बंद करायचे, एकाखाली जाळ आणि दुसऱ्याला थंड पाणी. तिथे पारा शुद्ध करायचा होता, आपल्याकडे निरो उकळायचा असतो, एवढाच फरक. तक्षशिला आणि चारसद्दाजवळची शेखान ढेरी इथल्या उत्खननांत सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून रेमंड ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने १९७९ साली असे मांडले की अर्क काढण्याची कला भारतात दोन हजार वर्षांपूर्वीच रुजलेली असावी. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. पण त्या भांड्यांची मांडणी पाहिली की आपल्या भट्टीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मग नळी वाकवली कशासाठी? लांबीसाठी. वाफ जितका वेळ थंड भिंतीला लागून जाईल तितकी ती पुरेपूर निवते. म्हणजे नळी लांब हवी आणि ती पूर्ण पाण्यात बुडायला हवी. पंधरा-वीस हात सरळ नळी बुडवायची तर तेवढी लांब टाकी बांधावी लागेल. तीच नळी वेटोळी केली की एका पिंपात मावते. तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याचा वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती याने थंड पाण्यातून नेलेल्या अशा नागमोडी नळीचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे युरोपभर हीच पद्धत झाली. इंग्रजांनी त्या वेटोळ्याला 'वर्म' म्हणजे किडा म्हटले. आता आपल्याकडेही अनेक भट्ट्यांवर सिमेंटच्या टाकीत बुडवलेले तांब्याचे वेटोळे दिसते. पाणी ओतत बसणाऱ्या माणसाचे काम त्या वेटोळ्याने घेतले आहे.

आणि तांबेच का? तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या मानाने पंचवीसेक पट सहज वाहते. शिवाय आंबलेल्या रसातून वाफेबरोबर येणारी गंधकाची दुर्गंधी तांबे स्वतःकडे धरून ठेवते. तिसरे कारण कारागिराचे आहे. तांबे ऐकते. पण ऐकते म्हणजे मुकाट्याने ऐकते असे नव्हे.

नळी वाकवणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही, हे थोड्या हिशेबाने कळते. पंचवीस मिलिमीटर जाडीची नळी घेऊन तिचे एक पूर्ण वेटोळे केले, तर वेटोळ्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे १५७ मिलिमीटर लांब भरते. वेटोळे मोठे असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. वाकवण्याआधी तर दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या होत्या. म्हणजे बाहेरच्या धातूला ताणून पातळ व्हावे लागते आणि आतल्या धातूला दाटीवाटीने आखडावे लागते. वेटोळे मोठे असेल तर ही ओढाताण लांबवर वाटली जाते. लहान असेल तर ती एका ठिकाणी एकवटते. मग बाहेरची बाजू फाटते, आतली चुरगळते आणि पोकळ नळी मधेच चपटी होते. चपटी झाली की तिथे वाफ अडते. भट्टीत वाफ अडणे म्हणजे सांधे फुटणे, आणि जाळाजवळ ते किती घातक हे सांगायला नको.

यावर जगभरच्या कारागिरांनी दोनच मुख्य उपाय शोधले. एक विस्तव, दुसरा भराव.

तांब्यावर ठोके घातले, ते वाकवले, की ते कडक होत जाते. आणखी वाकवले तर तडकते. म्हणून ते जाळात घालून मंद लाल होईपर्यंत तापवायचे, म्हणजे पुन्हा मऊ पडते. इथे लोहार आणि तांबट यांच्या वाटा वेगळ्या होतात. लोहार पात्याचे लाल पोलाद पाण्यात बुडवतो ते कडक व्हावे म्हणून. तांबट लाल तांबे पाण्यात बुडवतो तरी ते मऊच राहते. एकाच पाण्यातून दोन धातू असे उलटे गुण घेऊन निघतात. ही गोष्ट हाताने शिकलेल्या माणसाला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

भराव म्हणजे नळीची पोकळी तात्पुरती घट्ट भरून टाकायची, म्हणजे तिला चपटे व्हायला जागाच उरत नाही. सर्वांत स्वस्त भराव वाळूचा. पण ती चांगली भाजून कोरडी केलेली हवी. ओली वाळू भरून दोन्ही तोंडे बंद केली आणि नळी तापवली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. वाळू भरताना नळीवर हलके टोले मारत राहायचे, म्हणजे ती खाली दडपून बसते. दुसरा भराव राळेचा. वितळवून ओतायची, गार झाली की नळी वाकवायची, मग पुन्हा तापवून काढून टाकायची. तिसरा शिशाचा. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, त्यामुळे नळीला धक्का न लागता ते ओतता आणि काढता येते. अठराव्या शतकात तर उकळत्या पाण्यातही वितळणारे मिश्रधातू निघाले. पितळी वाद्ये करणारे काही कारखाने नळीत साबणाचे पाणी भरून ते गोठवतात आणि बर्फासकट नळी वाकवतात. भराव बदलले, युक्ती एकच राहिली. पोकळ वस्तू वाकवायची असेल तर आधी ती भरून घे.

यातल्या शिशापाशी मात्र थांबायला हवे, कारण इथे कारागिरी पिणाऱ्याच्या जिवाशी येऊन भिडते. आंबलेल्या रसाच्या वाफेत आम्ल असते आणि ते शिसे विरघळवते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत रम गाळण्याचा धंदा जोरात होता. तिथे भट्टीची टोपणे आणि वेटोळी शिशाची करत, कारण शिसे स्वस्त आणि वाकवायला सोपे. रम पिणाऱ्यांना पोटात मुरडा येई, हातापायांतली शक्ती जाई. शेवटी १७२३ साली तिथल्या विधिमंडळाने शिशाची टोपणे आणि वेटोळी वापरायला कायद्याने बंदी केली. भट्टीच्या नळीसाठी केलेला असा कायदा तीनशे वर्षांपूर्वीचा आहे हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. नळी तांब्याची असली तरी ती शिसे भरून वाकवली आणि आत कण राहिले, किंवा सांधे शिशाच्या डाकाने जोडले, तर धोका तोच. म्हणून भट्टीची नळी करणाऱ्याला नुसता हात असून चालत नाही, कोणता भराव कोणत्या नळीत घालायचा नाही हेही ठाऊक असावे लागते.

आता गोव्यातच दुसरीकडे पाहू. देवळाची पालखी निघते, शिगम्याचा रोमट येतो, तेव्हा ढोल-ताशांच्या वर चढून येतो तो शिंगाचा आवाज. शिंग म्हणजे तरी काय? तोंडाशी निमुळती आणि पुढे रुंद होत गेलेली, तांब्याची किंवा पितळेची वाकवलेली नळीच. ती तुकड्यांत केलेली असते. एक तुकडा फिरवून बसवला की तेच शिंग अर्धचंद्रासारखे दिसते, उलटा बसवला की नागासारखे. सूर बदलत नाही, कारण सूर आतल्या हवेच्या लांबीवर ठरतो, बाकावर नव्हे. लांबी हवी, पण तेवढी लांब सरळ नळी गर्दीत धरून चालता येत नाही, म्हणून बाक. टाकीतल्या वेटोळ्याचे कारण आणि शिंगाचे कारण एकच निघाले. एकातून वाफ जाते, दुसऱ्यातून श्वास. देवळातले शिंग आणि भट्टीतले वेटोळे यांना एका ओळीत बसवलेले काहींना रुचणार नाही. पण विस्तवापाशी बसलेल्या कारागिरासमोर दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो, तांबे न चुरगळता वळवायचे कसे.

हाच प्रश्न आजही रोज सुटतो आहे. घरात एसी बसवायला येणाऱ्या मुलाच्या पिशवीत पाहा. त्यात एक लांब स्प्रिंग असते. ती नळीवर चढवायची आणि हाताने हळूहळू वाकवायचे. स्प्रिंग नळीला चारी बाजूंनी आवळून धरते, त्यामुळे ती चपटी होत नाही. किंवा दोन दांड्यांचा बेंडर असतो. त्याच्या चाकाला नळीच्या मापाची खाच असते, नळी तिच्यात नेमकी बसते आणि दुसरी दांडी तिला चाकाभोवती लोळवत नेते. आधार आतून नाही, बाहेरून. नळीही कारखान्यातून मऊ करूनच येते, गुंडाळी स्वरूपात. विस्तवही गेला आणि भरावही गेला. तरी स्प्रिंग न लावता घाईने गुडघ्यावर वाकवली की नळी मधेच मुडपते आणि तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. तांब्याने आपला स्वभाव सोडलेला नाही.

मला वाटते ते एवढेच. फेणीच्या मानांकनाने प्रदेशाचे नाव राखले, पेयाचे नाव राखले. ते योग्यच झाले. पण वारसा म्हणजे केवळ बाटलीत भरलेली वस्तू नव्हे. भाण घडवणारा, त्याला कल्हई करणारा, नळी वाकवणारा, सांधा डाकणारा हे सगळे त्या वारशाचे धनी आहेत, आणि त्यांच्या विद्येला कोणतेही मानांकन नाही. कल्हईवाल्याची हाक आपल्या गल्लीतून जवळजवळ गेलीच. न्हाणीतले भाण गीझरने हटवले आणि तांबटाचे मोठे गिऱ्हाईक गेले. भट्टीची आणि देवळाची अशी दोन गिऱ्हाइके त्याला अजून आहेत. तीही तयार कारखानी मालाकडे वळली, तर वाळू किती भाजावी, लाल म्हणजे नेमका किती लाल, टोला कुठे मारावा हे सांगणारा कोणी उरणार नाही. ही माहिती ग्रंथांत नाही. ती डोळ्यांत आणि मनगटात आहे, आणि ती माणसाबरोबर जाते.

शिंगे आणि भाणी संग्रहालयात ठेवता येतात. वाकवण्याची रीत तशी ठेवता येत नाही, ती विचारून, पाहून, लिहूनच ठेवावी लागते. पुढच्या काजूच्या हंगामात, मार्च ते मे या दिवसांत, एखाद्या भट्टीवर गेलात तर धारेचा वास जरूर घ्या. मग टाकीत डोकावून ते वेटोळे पाहा आणि भट्टीवाल्याला एक प्रश्न विचारा, ही नळी कोणी वाकवली? नाव कळले तर ते लिहून ठेवा, आणि त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन या.