नसलेल्या गाडीचं दुखणं

गाडीचं निदान कानाने व्हायचं, तो काळ फार जुना नाही. बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची आणि आवाज बदलतो का ते ऐकायचं. ज्याची वायर काढूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर ‘मिसिंग’. हे शिकायला गाडी लागायची, तीही बिघडलेली, आणि ती हाताळू देणारा उस्ताद. आज मी तोच मिसिंग शोधायचा सराव लॅपटॉपवर करते. माझ्याकडे गाडी नाही. असा सराव शक्य कसा झाला, हे बघायचं तर धुरापासून सुरुवात करावी लागते.

जुलै १९४३मध्ये लॉस एंजेलिसवर असा दाट, डोळे चुरचुरवणारा धूर उतरला की महायुद्धाच्या त्या दिवसांत काही लोकांना तो जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. पुढे कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कडक उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करून हे धुरकं तयार करतात. १९६७मध्ये कॅलिफोर्नियाने हवा नियंत्रणासाठी मंडळ स्थापन केलं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

गाडी कारखान्यातून निघताना स्वच्छ असते, पण पाच वर्षांनी काय? प्रत्येक गाडीमागे तपासनीस लावता येत नाही. मग गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावं, असा मार्ग निघाला. १९८८च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात गाडीतल्या संगणकाने उत्सर्जनाशी संबंधित बिघाड ओळखून दिवा लावणं सक्तीचं झालं. तेव्हा दर कंपनीची बोली वेगळी. काही गाड्यांत वायरच्या तुकड्याने दोन पिना जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची: एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. हा बेबनाव १९९६मध्ये संपला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये स्टिअरिंगखाली तोच सोळा पिनांचा सॉकेट आणि तीच कोडांची यादी आली. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग, मग गाडी कुणाचीही असो. भारतात ही पद्धत २०१०पासून, भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर, टप्प्याटप्प्याने आली.

हे संभाषण किती साधं आहे ते पाहा. स्कॅनर विचारतो: ०१ ०५, म्हणजे ‘कूलंटचं तापमान काय?’ गाडी उत्तर देते: ४१ ०५ ७८. शेवटचा आकडा सोळाच्या पायातला, आपल्या दशमान पद्धतीत १२०. त्यातून ४० वजा करायचे. तापमान ८० अंश. वजाबाकी अशासाठी, की एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं आणि थंड देशांत उणे तापमानही सांगावं लागतं.

एकदा गाडी अशी ठरलेल्या भाषेत बोलू लागली, की पलीकडे गाडीच असली पाहिजे असं उरत नाही. योग्य प्रश्नाला योग्य आकडे देणारा छोटा प्रोग्रॅम स्कॅनरला पुरतो. २००८मध्ये लिनक्सच्या गाभ्यात कॅन बसचा आधार आला, म्हणजे गाडीतले संगणक ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याचा. सोबत एक आभासी बसही आली, जिला तार लागतच नाही. हे काम फोक्सवॅगनच्या संशोधन विभागातून आलं होतं. आजही कित्येक सिम्युलेटर त्यावर उभे आहेत.

माझा आवडता सराव असा: कूलंटचं तापमान एकदम उणे ४० दाखवायचं. पुण्यात उणे ४० होत नाही. या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो, त्यामुळे वायर तुटली की गाडीच्या संगणकाला तो टोकाचा गारठा वाटतो. स्कॅनर तापमान सांगतो, तुटलेली वायर आपण ओळखायची. सिम्युलेटर हे उत्तम शिकवतो. पण ती वायर पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेल्या उंदराने कुरतडली, की कनेक्टर गंजला, हे तो दाखवू शकत नाही. कारण त्यात तेच दुखणं असतं, जे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं आहे.

ही मर्यादा फक्त शिकाऊंची नाही. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्याच फोक्सवॅगनला नोटीस बजावली. तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा वेळ आणि हवेचा दाब पाहून आपण प्रयोगशाळेत आहोत हे ओळखत होतं. तिथे गाडी नियमात चाले. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडी. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. या लबाडीसाठी दिवा लागत नव्हता, कारण दिवा लावायचा की नाही हे ठरवणारं सॉफ्टवेअरही कंपनीचंच. मी लॅपटॉपला गाडी असल्याचं सोंग करायला लावते. तिथे गाडीने तपासणीपुरतं सज्जन असल्याचं सोंग केलं होतं.

हे सोंग बाहेर येण्याची वाट एका रस्त्यावरच्या चाचणीतून निघाली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने मोजणीची यंत्रं डिकीत ठेवून गाड्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर पळवल्या आणि २०१४मध्ये आकडे मांडले. मग नियमही रस्त्यावर उतरले: युरोपात २०१७पासून, भारतात एप्रिल २०२३पासून गाडीचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजला जाऊ लागला.

बिघडलेली गाडी विकत घेण्याची ऐपत किंवा हाताखाली घेणारा उस्ताद नसलेल्या कुणालाही आता गाडीची भाषा शिकता येते, विशेषतः ज्या मुलींना गॅरेजच्या दारातूनच परत पाठवलं जायचं त्यांना. मला हे फार मोठं वाटतं. पण भाषा येणं आणि समोरचा खरं बोलतोय का हे कळणं, या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरी शिकायची तर बॉनेट उघडावंच लागतं.